पन्नास तासांचं ट्रेनिंग नेमकं कुठे घालवायचं?

नाशिकरोडच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये पर्यवेक्षिका असलेल्या मॅडमनी विचारलंय की त्यांची संस्था दरवर्षी जूनमध्ये आणि परत दिवाळीनंतर बाहेरचे वक्ते बोलावते, हॉल भरतो, शिक्षक वहीत लिहून घेतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, आणि जुलैत वर्गाबाहेरून चक्कर मारली तर शिकवणं होतं तसंच. आता वर्षाला ५० तास प्रशिक्षण झालंच पाहिजे असं संस्थेने मनावर घेतलंय तर ते तास कसे लावायचे, यंदाच्या जूनचा वक्ता ठरवायचा की रद्द करायचा. शिवाय मिस्टरांचं अंबडला छोटं मशीन शॉप आहे, तिथेही नवीन पोरं शिकत नाहीत, शिकली तर टिकत नाहीत, त्याबद्दल पण काही सांगा म्हणाल्यात.

मॅडम, मी बरीच वर्षं पेठ-सुरगाण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, नंतर तालुक्याला साधन व्यक्ती म्हणून शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली आणि आता सातपूर-अंबडच्या कंपन्यांमध्ये सुपरवायझर लोकांना, दुसऱ्याला काम कसं शिकवायचं, हे शिकवतो. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते. माणूस ऐकतो हॉलमध्ये, करायचं असतं वर्गात नाहीतर मशीनवर, आणि पहिल्यांदा करून बघताना तिथे त्याच्या सोबत कोणीच नसतं. एकदा करून बघतो, फसतं, मुलं गोंधळ करतात, पोर्शन मागे पडतो, आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी गुपचूप आपल्या जुन्या पद्धतीवर येतो. म्हणून माझं म्हणणं असं की ५० पैकी बहुतेक तास आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गात, सहकाऱ्याच्या सोबतीने करून बघण्यात घालवा आणि भाषणाला अगदी थोडे ठेवा.

आधी त्या ५० तासांचं बघू. हा आकडा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधला आहे, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत, आणि मुख्याध्यापकांनीही द्यावेत, ते सुटलेले नाहीत. त्याच ठिकाणी हेही लिहिलंय की हे शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार असावं. संस्थाचालक ५० आकडा वाचतात आणि हे वाक्य सोडून देतात. दुसरं, ५० तास म्हटलं की लगेच आठ दिवसांचं शिबिर डोळ्यासमोर येतं पण साधा हिशोब करा, शाळा वर्षात साधारण ४० आठवडे भरते असं धरलं तर आठवड्याला सव्वा तास पडतो. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावर एक तास, आणि आठवड्यात कधीतरी एका फ्री तासाचा अर्धा भाग, झाले ५० तास, सुट्टीतला एकही दिवस न घालवता. सीबीएसईच्या शाळांना तर ५० पैकी २५ तास बोर्ड किंवा सरकारी संस्थांकडून आणि उरलेले २५ शाळेतच किंवा आसपासच्या शाळांनी मिळून करता येतात, म्हणजे शाळेत केलेलं काम हे सुद्धा प्रशिक्षणच आहे हे तिथे मान्य झालेलं आहे. आपल्याकडे अजून बाहेरून कोणी आलं, बॅनर लागला, गुलाबाचं फूल दिलं तरच ट्रेनिंग झालं असं वाटतं.

भाषणाने का होत नाही हे कोणी शोधलेलं आहे का, तर हो, खूप आधी. ब्रूस जॉइस आणि बेव्हरली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात शिक्षक प्रशिक्षणावर काम केलं आणि त्यांचं म्हणणं असं की तत्त्व सांगितलं, करून दाखवलं, तिथल्या तिथे सराव करून घेतला तर शिक्षकाला समजतं, थोडंफार जमतं सुद्धा, पण ते रोजच्या वर्गात उतरतं कधी, तर परत गेल्यावर शाळेत कोणीतरी सोबतीला असेल तेव्हा. इथपर्यंत बऱ्याच लोकांना माहीत असतं. पण १९९६ मध्ये त्यांनी पुढची जी गोष्ट लिहिली ती मला सगळ्यात कामाची वाटते. त्यांनी बघितलं की शिक्षक एकमेकांचे पाठ बघून एकमेकांना फीडबॅक द्यायला लागले की हळूहळू त्याला तपासणीचा वास यायला लागतो आणि सगळं बिनसतं, म्हणून त्यांनी तोंडी फीडबॅक काढूनच टाकला. मागे बसून बघणारा हा शिकणारा, आणि जो शिकवतोय तो शिकवणारा, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे तुम्ही माझ्या वर्गात आलात तर माझ्या चुका काढायला नाही, स्वतःसाठी काहीतरी घेऊन जायला आलात. एवढ्या एका बदलाने स्टाफरूममधली हवा किती बदलते हे मी स्वतः पाहिलंय, ज्या सरांनी आधी वर्गाचं दार लावून घेतलं होतं तेच नंतर म्हणायला लागले की उद्या माझा भूमितीचा तास आहे, या बघायला.

आपल्याकडे पाठ निरीक्षण म्हणजे लॉगबुक. मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक मागच्या बाकावर येऊन बसतात, फळ्याचे भाग पाडलेत का, टाचण काढलंय का, शैक्षणिक साहित्य वापरलंय का हे बघतात, शेरा मारतात, खाली सही. आणि तीच व्यक्ती वर्षाअखेर गोपनीय अहवाल लिहिणार हे त्या शिक्षकाला माहीत असतं. अशा वेळी कोण आपली अडचण दाखवेल? त्या दिवशी तो सगळ्यात हुशार मुलांनाच प्रश्न विचारणार आणि आधी एकदा घेतलेला पाठच परत घेणार, घेतलाच पाहिजे, मीही घेतला असता. म्हणून मॅडम, तुम्हाला थोडं कडू लागेल पण सांगतो, तुम्ही पर्यवेक्षिका आहात तर सुरुवातीला तुम्ही कोणाच्या वर्गात जाऊ नका, लोकांना तुमच्या वर्गात बोलवा. तुमचा स्वतःचा तास उघडा करा. तोही अवघड पाठाचा, अवघड वर्गाचा. दोन-तीन जणांना म्हणा की मला आठवी ब ला समीकरणं शिकवताना मागच्या तीन रांगा माझ्यासोबत येतात की नाही कळत नाही, तुम्ही फक्त त्या मुलांकडे बघत बसा आणि काय दिसलं ते मला सांगा. मुख्याध्यापकांनी हे केलं तर अजून उत्तम. वरचा माणूस आपला वर्ग उघडत नाही तोवर खालचा कोणी उघडत नाही, कितीही परिपत्रकं काढा. आणि या पाठ बघण्याचा कागद लॉगबुकला जोडायचा नाही, संस्थेच्या ऑफिसला पाठवायचा नाही, फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगा आणि पाळा. एकदा जरी त्यातली एखादी गोष्ट कोणाच्या गोपनीय अहवालात गेली तर पुढची पाच वर्षं कोणी दार उघडणार नाही.

बघायचं काय, हे पण शिकावं लागतं. आपण सगळे वर्षानुवर्षं शिक्षकाकडे बघायला शिकलोय, आवाज कसा, अक्षर कसं, उभे कुठे राहतात. जपानमध्ये पाठ-अभ्यासाची जुनी पद्धत आहे, ते त्याला जुग्यो केनक्यू म्हणतात, त्यात चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एकजण तो घेतो, बाकीचे मुलांकडे बघतात, कोणत्या मुलाने कुठे पेन थांबवलं, कोणी शेजाऱ्याच्या वहीत पाहिलं, कोणाला कळल्यासारखं झालं पण उत्तर भलतंच आलं. मग बसून पाठ सुधारतात आणि दुसरा कोणीतरी दुसऱ्या तुकडीत तोच पाठ घेतो. आपल्या हायस्कूलला एकाच इयत्तेच्या अ-ब-क तुकड्या असतात, म्हणजे ही सोय आपल्याकडे आयती आहे. गणिताचे तीन शिक्षक घ्या. अपूर्णांकांची बेरीज घ्या. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, हे उत्तर सहावी-सातवीत दरवर्षी कितीतरी वह्यांमध्ये येतं आणि आपण लाल पेनने चूक मारून पुढे जातो. तिघांनी एका शनिवारी तास दीड तास बसायचं, फक्त वह्या घेऊन, पुस्तक नको, पीपीटी नको, आणि मूल हे उत्तर का काढतं त्याचा विचार करायचा. ते मूल मूर्ख नाही, त्याला वरचा आकडा आणि खालचा आकडा या दोन वेगळ्या संख्या वाटतात, म्हणून तो वरचे वर आणि खालचे खाली मिळवतो, त्याच्या हिशोबाने बरोबरच आहे. हे एकदा शिक्षकाला वहीत दिसलं की पाठ कसा बदलायचा ते त्याचं त्यालाच सुचतं, कोणी कागदाची पट्टी घडी घालून दाखवेल, कोणी संख्यारेषा घेईल, कोणी नुसतं विचारेल की अर्ध्यात अजून काहीतरी मिळवलं तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल. तो तास दीड तास मला कुठल्याही वक्त्याच्या दिवसभराच्या सेशनपेक्षा जास्त किमतीचा वाटतो.

एका वेळी एकच गोष्ट घ्या. हे मी फार आग्रहाने सांगतो कारण शाळांना सगळं एकदम हवं असतं, कृतियुक्त पण, तंत्रस्नेही पण, मूल्यमापन पण. त्यापेक्षा एक बारीक सवय धरा आणि महिना-दीड महिना सगळ्यांनी तीच धरा. उदाहरण सांगतो. मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातले ध्वनिमुद्रण ऐकून दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतो आणि मग दुसऱ्याला विचारतो नाहीतर स्वतःच उत्तर देतो. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, जी मुलं कधी बोलत नाहीत ती बोलायला लागतात. तीन सेकंद! ऐकायला काहीच नाही पण साठ मुलांच्या वर्गात तीन सेकंद शांत उभं राहणं किती कठीण आहे हे करून बघा, हात आपोआप फळ्याकडे जातो. ही सवय एका तासात समजते आणि अंगी लागायला आठवडे लागतात. शेजारच्या सरांना सांगून ठेवायचं की मला थांबता येतंय का ते बघा, नाहीतर मोबाईल टेबलावर ठेवून फक्त स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि घरी जाताना सिटीलिंकच्या बसमध्ये स्वतःच ऐकायचा, दुसऱ्या कोणाला ऐकवायची गरज पण नाही.

ज्येष्ठ शिक्षकांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये पण प्रत्येक शाळेत हा विषय निघतोच म्हणून सांगतो. पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईंना तुम्ही नवीन पोरीबाळींसोबत हॉलमध्ये बसवून अध्ययन निष्पत्ती म्हणजे काय हे सांगणार असाल तर त्या पर्समधून पेपर तपासायला काढणारच, आणि त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्याकडे जे आहे ते कोणी विचारतच नाही. वर्गात पाय ठेवल्या ठेवल्या मुलं शांत कशी होतात, फळ्यावर काय ठेवायचं काय पुसायचं, कोणत्या पालकाला शाळेत बोलवायचं आणि कोणाच्या घरी जायचं, हे सगळं त्यांच्या हातात असतं आणि त्या निवृत्त झाल्या की त्यांच्यासोबत जातं. नवीन शिक्षणसेवकाला पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा त्यांच्या तासाला बसवा, आणि तास संपल्यावर त्याने त्यांना एकच प्रश्न विचारायचा, अमुक वेळी तुम्ही असं का केलंत. बऱ्याचदा त्या आधी म्हणतात काही नाही हो सवय आहे, आणि मग विचार करून जे सांगतात ते ऐकण्यासारखं असतं. यात शिकतात दोघं.

सरकारी प्रशिक्षणं तर करावीच लागतात. केंद्र सरकारचं निष्ठा नावाचं शिक्षक प्रशिक्षण २०१९ ला आलं, मग ते सरकारच्याच दीक्षा ॲपवर ऑनलाइन झालं, पायाभूत साक्षरतेसाठी निपुण भारत अभियान २०२१ पासून आहे, आणि १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवड श्रेणी, त्याचं प्रशिक्षण वेगळं. पगार अडकलेला असला की माणूस प्रमाणपत्रासाठी जाणारच, त्याला नावं ठेवू नका. पण त्यातून काम काढून घेता येतं. दीक्षावरचा कोर्स एकट्याने मोबाईलवर रात्री अकरा वाजता करण्यापेक्षा दोघांनी-तिघांनी शाळेत बसून एक व्हिडिओ लावा, अर्ध्यात थांबवा, आपल्या सातवी क ला हे चालेल का यावर बोला, मग पुढे. बाहेरच्या प्रशिक्षणाला पाठवायचं झालं तर शक्यतो एकाच शाळेतले दोघे पाठवा. एकटा माणूस परत आल्यावर एकटाच पडतो, दोघे असले की येताना गाडीतच ठरतं की सोमवारी काय करून बघायचं. आणि परत आल्यावर स्टाफ मीटिंगमध्ये अहवाल वाचन नको. त्याऐवजी आठवड्याभरात त्यातली एक गोष्ट वापरून एक तास घ्या आणि बाकीच्यांना बघायला बोलवा.

२०१५ मध्ये राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा राज्यभरातून शिक्षक साताऱ्याच्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला जात होते, आपल्या नाशिक जिल्ह्यातून पण गेले. तिथली मुलं जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर स्वतःची स्वतः शिकताना बघून लोक भारावून आले. पण परत आल्यावर बऱ्याच ठिकाणी झालं काय, तर फरशी रंगवली. लोकवर्गणीतून ऑइलपेंट आणला, तक्ते काढले, आणि शिकवणं मात्र फळ्यावरच राहिलं, दोन पावसाळ्यांत रंग पण गेला. जिथे तीन-चार शिक्षक एकत्र जाऊन तिथल्या शिक्षकांशी बोलले, हा तक्ता का काढला, मूल अडलं तर तुम्ही काय करता, किती वेळ बघत राहता आणि कधी मदत करता, तिथे फरक टिकलेला मी पाहिलाय, काही ठिकाणी तर फरशी न रंगवता. दिसणारी गोष्ट उचलणं सोपं असतं, त्यामागचा निर्णय विचारल्याशिवाय मिळत नाही.

जिल्हा परिषदेकडे दर महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असते, ती मला मनापासून चांगली सोय वाटते, हायस्कूलवाल्यांकडे असं काही नियमित नसतं. तीही बऱ्याचदा माहिती मागणं आणि परिपत्रकं वाचण्यात जाते. पण सुरगाण्याकडच्या एका केंद्रात मी बघितलंय की यजमान शाळेच्या पहिलीच्या मुलांना तिथेच बसवून एका बाईंनी वाचनाचा पाठ घेतला, मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी, पुस्तकातले निम्मे शब्द त्यांच्या कानावरून कधी गेलेले नाहीत, आणि बाई आधी चित्रावर मुलांना त्यांच्या भाषेत बोलू देत होत्या, ते शब्द फळ्यावर देवनागरीत लिहीत होत्या, मग शेजारी मराठी शब्द. मागे बसलेल्या शिक्षकांपैकी कोणी भाषणात हे ऐकलं असतं तर मान डोलावली असती. पण समोर एक पोरगी आपलाच शब्द फळ्यावर ओळखून वाचते हे पाहिल्यावर पुढच्या महिन्यात आठ-दहा शाळांमध्ये ते सुरू झालेलं होतं. तुमच्या शाळेजवळ अजून दोन-तीन हायस्कूल असतील, विषयवार असं महिन्यातून एकदा जमता आलं तर बघा, विज्ञानाच्या एकट्या शिक्षकाला तर याची फारच गरज असते कारण त्याच्या शाळेत त्याच्या विषयाचं बोलायला दुसरं कोणी नसतं.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, पण विचारतील लोक. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, त्यामुळे तुमच्याकडे पाचवी ते आठवीवाल्या शिक्षकांवर टेन्शन असणार आणि त्यांच्यासमोर ५० तासांची गोष्ट काढली तर ते वैतागतील. त्यांना अभ्यासाला वेळ द्या. १५० गुणांच्या त्या पेपरात ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला असतात, तेवढा भाग शाळेत गटाने करा, मुलं कशी शिकतात यावरचे पियाजे-व्हायगॉट्स्कीचे सिद्धांत पाठ करताना आपल्या वर्गातलं एखादं मूल घेऊन बोला, अभ्यासही होतो आणि वर्गातही उपयोग होतो. मात्र परीक्षेची तयारी म्हणजेच व्यावसायिक विकास असं संस्थेने धरू नये.

आता मिस्टरांच्या शॉपचं. तिथे गोष्ट जरा सोपी आहे कारण पीस बरोबर की रिजेक्ट हे गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, सांगतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांमधले कसलेले कामगार सैन्यात गेले आणि शेतातली, घरातली माणसं मशीनवर उभी करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी सुपरवायझरसाठी टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचं प्रशिक्षण काढलं, युद्धानंतर ते जपानला गेलं आणि टोयोटाने ते आपलंसं केलं. त्यात शिकवायच्या चार पायऱ्या आहेत. आधी माणसाला मोकळं करा आणि त्याला काय येतं ते विचारा, मग काम तुकड्यातुकड्याने दाखवा आणि प्रत्येक तुकड्यात जपायचं काय आणि का ते सांगा, मग त्याला करायला लावा आणि करताना त्याच्याच तोंडून वदवून घ्या, मग एकटं सोडा पण अडलं तर कोणाकडे जायचं ते सांगून ठेवा आणि सुरुवातीला पुन्हा पुन्हा जाऊन बघा. तिसरी पायरी आपल्याकडे कायम गळते. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कसलेला माणूस, दोनदा करून दाखवतो, विचारतो समजलं का, पोरगं हो म्हणतं, संपलं. हो म्हणण्याला काही अर्थ नसतो, नवीन जागी कोणीही हो म्हणतं. ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) का टाकला, जॉब क्लॅम्प करायच्या आधी चिप्स (धातूचा कीस) का उडवायच्या हे त्याने सांगितलं पाहिजे.

दुसरं, स्किल मॅट्रिक्स लावा. मोठ्या कंपन्यांमध्ये असते, छोट्या शॉपला पण एका कार्डशीटवर होते. आडवी कामं, उभी माणसांची नावं, प्रत्येक चौकोनात एक गोल आणि त्याचे चार भाग. एक भाग भरला म्हणजे बघून करतो, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चारही भरले म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. चार भाग भरलेल्या माणसाला काहीतरी जास्तीचं मिळालं पाहिजे आणि त्याने शिकवण्यात घालवलेला वेळ प्रॉडक्शनमध्ये धरला पाहिजे. हे नाही केलं तर कसलेला सेटर कोणाला शिकवणार नाही, कारण त्याला कळतं की शिकवलं तर आपले पीस कमी भरतात आणि उद्या आपलीच किंमत कमी होते. पोरं टिकत नाहीत त्याचं एक कारण पण इथेच आहे. आयटीआयची मुलं ॲप्रेंटिस म्हणून येतात आणि सहा महिने झाडलोट, पीस पुसणं, माल उचलणं, यात जातात. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, त्यात ॲप्रेंटिस म्हणजे शिकणारा, स्वस्तातला मजूर नाही. ज्याला आपला गोल पुढच्या महिन्यात भरणार आहे हे भिंतीवर दिसतं ते पोरगं पाचशे रुपये जास्त मिळाले म्हणून लगेच शेजारच्या गाळ्यात जात नाही. आणि ट्रेनिंग शिफ्ट सुटल्यावर ठेवू नका, शिफ्टच्या सुरुवातीची पंधरा मिनिटं ठेवा, दमलेला माणूस शिकत नाही.

झालं की नाही हे कसं बघायचं? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या होत्या, माणसाला आवडलं का, तो शिकला का, कामात वागणं बदललं का, आणि शेवटी कामाचा परिणाम बदलला का. आपले फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीवर थांबतात. तुम्ही तिसरी पायरी धरा. सप्टेंबरमध्ये आणि परत जानेवारीत तेच वर्ग, तेच विषय बघा, एका तासात किती वेगवेगळी मुलं बोलली, वहीतली चूक मुलाने स्वतः दुरुस्त केली का. लगेच सहामाहीचे मार्क बघायला जाऊ नका, मार्कांवर पन्नास गोष्टींचा परिणाम होतो आणि संस्थेने ते धरले की शिक्षक सोपे पेपर काढतील. मिस्टरांनी दर आठवड्याला नवीन पोराचे रिजेक्ट पीस मोजावेत, बस.

हे सगळं कुठे अडतं ते पण सांगतो. बीएलओची (मतदार यादीच्या कामाची) ड्युटी, सर्वेक्षण, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, यात वेळ जातोच आणि दिंडोरी-सिन्नरहून अप-डाऊन करणाऱ्यांना शनिवारी थांबा म्हटलं की बस चुकते. म्हणून थांबवण्याआधी काहीतरी कमी करा. एखादं रजिस्टर बंद करा, एखादी स्पर्धा सोडा, पंधरवड्याच्या स्टाफ मीटिंगमधल्या सूचना ग्रुपवर टाका आणि तो वेळ याला द्या. दुसऱ्याच्या तासाला बसायला जाणाऱ्या शिक्षकाचा तास कोण घेणार हे टाइमटेबलमध्येच लिहा, शेवटच्या क्षणी बदली तास लावला की ज्याच्यावर तो पडतो तो या सगळ्या गोष्टीचा शत्रू होतो. आणि सगळ्या स्टाफवर एकदम लादू नका, तीन-चार तयार माणसं घेऊन पहिली सहामाही काढा.

राहिला जूनचा वक्ता. रद्द करू नका, संस्थेला ते एकदम पचणार नाही आणि चांगला माणूस आला तर उपयोगही होतो. पण त्याला बोलावताना अटी बदला. त्याने आदल्या दिवशी येऊन तुमचे दोन वर्ग बघावेत, दिवसभराऐवजी दोन तास बोलावं, त्यातला एक तास तुमच्याच शाळेच्या मुलांना समोर बसवून शिकवून दाखवावं, आणि ऑगस्टच्या शेवटी परत येऊन ज्यांनी करून बघितलं त्यांच्यासोबत बसावं. मानधन दोन हप्त्यांत द्या, अर्धं जूनमध्ये, अर्धं ऑगस्टला. जो या अटींना तयार होईल त्यालाच बोलवा. तोपर्यंत टाइमटेबल अजून लागलेलं नसेल तर शनिवारचा तो तास आत्ताच त्यात टाकून घ्या, जून उजाडल्यावर जागा मिळणार नाही.